नाव कोणी ठेवावे?

मंडळी, बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते आत्या. पण त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलेले असते. न विचारता नाव ठेवले, तर लोक पुढे नावेच ठेवत बसतात! मुलाचे जे, तेच मुलखाचे.

आपल्या भोर-वेल्ह्याकडेच पाहा. भोर संस्थानात तालुक्यांना किल्ल्यांची नावे असत: रोहिड्याचा विचित्रगड, तोरण्याचा प्रचंडगड, तसाच राजगड. १९४८ साली संस्थान विलीन झाले. पुढे तोरण्याच्या पायथ्याच्या गावावरून तालुका ‘वेल्हे’ म्हणून चालला. त्याला पुन्हा राजगडाचे नाव द्यावे, अशी मागणी झाली, तेव्हा ७० पैकी ५८ ग्रामपंचायतींनी तसे ठराव केले. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिल्हा परिषदेने ठराव केला, २०२४ साली मंत्रिमंडळाने मान्यता दिली, आणि केंद्राच्या संमतीनंतर २०२५ साली ‘राजगड तालुका’ झाला. वेळ लागला खरा. पण कोणाला विचारले, किती जणांनी होकार दिला, हे आज दप्तर उघडून सांगता येते.

आता इंटरनेटचे ऐका. तिथल्या पत्त्यात ठिपक्यानंतर शेवटी एक शब्द येतो: ‘कॉम’, ‘इन’. पत्रावर शेवटी तालुका-जिल्हा लिहितो ना, तसाच. या शब्दांची यादी आरंभी अमेरिकेतले जॉन पोस्टेल सांभाळीत. १९९८ साली ते काम ‘आयकॅन’ या संस्थेकडे आले. २०१४ पासून आपल्याला देवनागरीत ‘.भारत’ असा पत्ताही घेता येतो.

२०१२ साली नव्या शब्दांसाठी अर्ज मागवले, तेव्हा १,९३० अर्ज आले. एका अर्जाचे शुल्क होते १,८५,००० डॉलर! एवढी रक्कम कोणती ग्रामपंचायत भरणार? त्याच वेळी ॲमेझॉन कंपनीने ‘.ॲमेझॉन’ हा शब्द मागितला. ब्राझील आणि पेरू म्हणाले, हे तर आमच्या नदीचे, आमच्या अरण्याचे नाव! पण संरक्षित नावांच्या यादीत ते नव्हते. वाद सात वर्षे चालला, आणि २०१९ साली निर्णय कंपनीच्या बाजूने गेला.

नियम होते, हरकतीची सोयही होती. तरी नदीकाठच्या माणसांना आधी कोणी विचारले? पुढच्या फेरीसाठी शुल्क २,२७,००० डॉलर ठरले. गरजू अर्जदारांना त्यात मोठी सवलतही ठेवली. हे बरे झाले. पण सवलत मिळते ती अर्ज करणाराला. ज्याच्या गावाचे नाव दुसराच मागतो, त्याला आधी खबर मिळायला हवी, ती त्याच्या भाषेत मिळायला हवी, आणि हरकत घ्यायला त्याला पैसा आडवा येता कामा नये.

गुरुजी, वर्गात मुलांना एवढे विचारून पाहा: उद्या कोणी परक्याने ‘.राजगड’ हा शब्द मागितला, तर होकार कोणाकोणाचा घ्यावा? गुंजवणीच्या खोऱ्यातली पोरं काय सांगतात, ते फळ्यावर लिहून ठेवा.