जुना रेल्वे डबा जपायचा तर आधी छत बघा

बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. रूळ अवघे अडीच फूट रुंद. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली. आता त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे.

त्या काळातला लाकडी डबा जपायचा म्हणजे नुसता रंग मारणं नव्हे. आधी छत दुरुस्त करतात, कारण पाणी तिथूनच झिरपून खालचं लाकूड कुजवतं. मग ठोकून बघतात. आवाज बद्द आला तर लाकूड आतून गेलेलं. तेवढाच तुकडा कापून त्याच जातीचं लाकूड सांधतात. जुना रंग थराथरानं खरवडला की मूळ रंग सापडतो. खिडक्या, कड्या, बाकडी होता होईल तो जुनीच ठेवतात. सगळंच बदललं तर डबा चकचकीत होतो, पण आजोबा वारीला बसून गेले तो डबा उरत नाही.