वाळूनही न मरण्याची विद्या

आमच्या आरोंद्याला चैत्रात जांभ्या दगडांच्या गडग्यांवरचे शेवाळ करपून काळे पडते आणि मिरगाचा पाऊस पडला की पुन्हा हिरवे होते. अशाच शेवाळात जगभर एक आठ पायांचा, अर्ध्या मिलिमीटरएवढा जीव आढळतो. १७७३ साली गोत्से नावाच्या जर्मन पाद्र्याने त्याला ‘पाण्यातले छोटे अस्वल’ म्हटले. पाणी आटले की तो पाय पोटाशी घेऊन वाळतो, आणि पाणी मिळताच चालू लागतो.

वाळूनही जिवंत कसे राहावे, हे कोडे माणसालाही फार दिवस छळत होते. देवीची लस दोऱ्यावर वाळवून दूरदेशी पाठवीत. पण उन्हाळी प्रदेशांत ती वाटेतच निकामी होई. शेवटी बगदाद, बसरा असे टप्पे घेत ती मुंबईला पोचली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. मग एका मुलाच्या हातावरच्या फोडातून दुसऱ्याच्या हातावर, अशी ती देशभर फिरली. मुले हीच लसीची भांडी!

१९५०नंतरच्या काही वर्षांत लंडनच्या लेस्ली कोलियर यांनी लसीत पेप्टोन, म्हणजे फोडलेली प्रथिने, घालून ती गोठवून सुकवली. अशी लस ३७ अंशांच्या उष्णतेतही महिनाभर टिके. तिच्याच बळावर १९७५ साली भारतातून देवी गेली.

ते झाले विषाणूचे. क्षयाची बीसीजी लस म्हणजे जिवंत जंतू. मद्रासजवळ गिंडीला १९४८ साली तिची प्रयोगशाळा निघाली. पुढे ही लसही सुकी होऊ लागली. तरीही आज तिला थंडाव्याची सोबत लागते.

इथे ते छोटे अस्वल उपयोगी पडते. २०१७ साली अमेरिकेत थॉमस बूथबी व सहकाऱ्यांनी त्याची खास प्रथिने ओळखली. पाणी जाताच ती पेशीत काचेसारखी थिजतात आणि आतले नाजूक भाग तुटू देत नाहीत. या प्रथिनांची जनुके जंतूंत घातली, तेव्हा तेही वाळवणीत अधिक तगले.

प्रयोगशाळेपासून पाळण्यापर्यंतची वाट अजून लांब आहे. पण जिथे बर्फ पोचत नाही तिथेही एक मूल असतेच. ही सारी खटपट त्याच्यासाठी.