जास्वंदीची शाखा

आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीचा इतिहास लिहायला बसलो, तर सौ. म्हणाली, "आधी तिच्यावरचे पिठ्या ढेकूण पुसा. इतिहास कुठं पळून जात नाही."

१७५३ साली स्वीडनच्या लिनिअसनं या झाडाचं नाव ठेवलं 'रोझा-सायनेन्सिस'. म्हणजे चीनचा गुलाब. आता जास्वंद ही भेंडी-कापसाच्या गोतातली, गुलाबाशी तिचं दूरचंसुद्धा नातं नाही. चीनमध्ये ती बागांतून खूप, पण रानात उगवलेली सापडत नाही. हल्लीचे अभ्यासक तिचं माहेर पॅसिफिकच्या बेटांत शोधतात. एका एंट्रीत दोन घोटाळे! मी एकदा नऊशेचे सहाशे लिहिले, तर संध्याकाळी साडेसातपर्यंत शाखा सुटली नाही. लिनिअसची एंट्री मात्र पावणेतीनशे वर्षं लेजरात तश्शीच.

बरं, युरोपला जास्वंद ठाऊक नव्हती असंही नाही. मलबारच्या डच गव्हर्नरानं, व्हान ऱ्हीडनं, इट्टी अच्युतन यांच्यासारख्या तिथल्या वैद्यांना विचारून 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ करवला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात जास्वंद तिच्या मल्याळी नावानिशी आहे. पुढं मलेशियानं १९६० साली तिला राष्ट्रीय फूल केलं आणि २०१२ च्या नोटांवर छापलं. वीस वर्षं नोटा मोजतोय, पण अशी फुलवाली एक वाट्याला येईल तर शपथ!

आमचं झाड आईनं आणलं. रत्नागिरीहून, एस.टी.त, ओल्या फडक्यात गुंडाळलेली वीतभर फांदी. तिला ती शेजारच्या काकूंनी दिलेली, काकूंना त्यांच्या माहेरून मिळालेली. आपल्याकडच्या जास्वंदीला सहसा बी धरत नाही, फांदीच लावावी लागते. म्हणजे गॅलरीतली जास्वंद ही काकूंच्या जास्वंदीची लेक नव्हे, तीच ती. खातं तेच, फक्त शाखा बदललेली.

आई जाऊन चार वर्षं झाली. रोज सकाळी ती गणपतीला एक फूल काढायची. संध्याकाळी ते मिटायचं. त्या दिवसाचा हिशेब त्याच दिवशी बंद. यंदा मात्र पिठ्यानं निम्मं झाड वाळवलं. साबणाच्या पाण्यानं पानन् पान पुसलं, मुंग्यांची रांग मोडली, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी दोन निरोगी फांद्या कापल्या. एक दुसऱ्या कुंडीत खोचली, दुसरी खालच्या मजल्यावरच्या वहिनींना दिली.

"जगेल ना हो भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

मी म्हटलं, "पाणी बेतानं घाला. आणि जगली तर पुढंमागं आम्हाला एक फांदी द्या."