आकडा यंत्राला, शब्द माणसाला

1991 साली टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा पहिला प्रोटोकॉल मांडला, तेव्हा त्यात चुकीला वेगळी ओळखच नव्हती. मागितलेलं पान नसलं की सर्व्हर तसं साध्या वाक्यात लिहून पाठवी. वाचणाऱ्याला कळे, पण आलेला मजकूर म्हणजे पान की नकार, हे ब्राउझरला ओळखता येत नसे.

तोडगा इंटरनेटच्या जुन्या घरात तयार होता. जॉन पोस्टेल यांच्या 1982 च्या ईमेल-नियमावलीत सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराला तीन आकड्यांचा क्रमांक होता आणि पुढे शब्द. क्रमांक यंत्रासाठी, शब्द माणसासाठी. वेबने हीच रीत उचलली. मे 1996 च्या एचटीटीपी 1.0 या वेबच्या प्रोटोकॉलमध्ये 4 ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे मागणाऱ्याची चूक, 5 ने सुरू होणारा म्हणजे सर्व्हरची. शब्द मात्र आपापल्या भाषेत बदलायला त्यात मुभा होती. मला ही मुभा फार मोलाची वाटते.

क्रमांकाबरोबर माणसाला दिसणारं पान बदलणं अपाचे सर्व्हरने अगदी सोपं केलं. त्याआधीचा एनसीएसए या संस्थेचा 1.3 सर्व्हर ठरावीक कोरडं वाक्य फेकी. अपाचेत 'एररडॉक्युमेंट' ही एक ओळ लिहिली की आपलं पान दिसतं. मूळ कोणता पत्ता मागितला होता, तेही 'रिडायरेक्ट'ने सुरू होणाऱ्या व्हेरिएबलमधून त्या पानाला कळतं.

घोळ होतो तो इथेच. त्या ओळीत पानाचा पत्ता 'एचटीटीपी'पासून पूर्ण लिहिला, तर अपाचे ब्राउझरला तिकडे धाडतो. मग आधी 302, म्हणजे 'दुसरीकडे जा', जातो आणि मागून 200, म्हणजे 'सगळं ठीक'. 404, म्हणजे 'पान सापडलं नाही', वाटेतच हरवतो. माणसाला माफीचं पान दिसतं आणि सर्च इंजिनाला ते खरंखुरं पान वाटतं. आपण पुन्हा 1991 मध्ये! 401, म्हणजे 'आधी ओळख पटवा', याचं पान असं लावलं तर ब्राउझर पासवर्डच विचारत नाही. म्हणून त्याच सर्व्हरवरचं पान द्यावं, पत्ता तिरप्या रेघेने सुरू करावा, आणि पान नुसतं डोळ्यांनी न पाहता 'कर्ल' या कमांडने हेडर मागवून क्रमांक तपासावा.

क्रमांक बरोबर असूनही पान दिसत नसे, असाही काळ होता. साधारण 512 बाइटांहून लहान एरर-पान आलं की इंटरनेट एक्सप्लोरर ते बाजूला सारून स्वतःचंच दाखवी. मग पानात भरताड घालून ते फुगवावं लागे. 'एररडॉक्युमेंट'च्या ओळीत पानाऐवजी थेट संदेश लिहिला, तर अपाचे 2.0 च्या आधी त्याच्या सुरुवातीला एकच अवतरणचिन्ह लागे, पुढे ते शेवटी बंदही करावं लागू लागलं. जुन्या फायली नव्या सर्व्हरवर नेताना हे बघून घ्यावं.

2015 च्या एचटीटीपी 2 ने क्रमांकाशेजारचे शब्द काढूनच टाकले. तिथे आता नुसता आकडा जातो. माणसाशी बोलायला उरलं आहे ते आपण लिहिलेलं पान.