दिल्मुनची वजनं

गुदैबियात राहताना आपण परदेशात आहोत हे स्वतःला मुद्दाम आठवून द्यावं लागतं. चहा आपला, भाजी आपली, दुकानदार हिंदी बोलणारा. ही घसट तेलामुळे सुरू झाली, अशी माझी इथे येईपर्यंत समजूत होती. ती साफ चुकीची निघाली!

घरापासून गाडीने वीसेक मिनिटांवर कलात अल-बहरैन आहे. वरचा पोर्तुगीज किल्ला बघून आपल्याला वसई आठवते. पण खरी गंमत खाली आहे. किल्ल्याखालचं बारा मीटर उंच टेकाड मुळात एकावर एक वसलेल्या वस्त्यांचं आहे, सर्वांत जुनी इ.स.पू. २३०० च्या सुमाराची. सुमेरी लेखांतलं दिल्मुन ते हेच.

१९५० च्या दशकात पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी यांच्या डॅनिश चमूने इथे खणायला सुरुवात केली. बिबी आधी इथेच तेल कंपनीत नोकरीला होता. (नोकरीसाठी आखातात येऊन भलत्याच नादाला लागलेला माणूस, त्यामुळे मला तो फार जवळचा वाटतो.) त्यांना घासून गुळगुळीत केलेली दगडी वजनं सापडली आणि ती निघाली सिंधू संस्कृतीच्या मापाची! पुढे एस. आर. राव यांना लोथलला आखाती धाटणीची गोल मुद्रा मिळाली. मला मुद्रेपेक्षा वजनांचं अप्रूप जास्त. मुद्रा एखाद्या व्यापाऱ्याच्या खिशातूनही येऊ शकते. पण परक्याचं माप आपल्या बंदरात चालवायचं म्हणजे विश्वास हवा, आणि रोजचा व्यवहारही.

ती जहाजं नेमकी कुठून आत यायची? किनाऱ्यापासून साधारण दीड किलोमीटरवर समुद्रात एका जुन्या मनोऱ्याचे अवशेष आहेत आणि प्रवाळातून जाणारी एक जुनी जहाजवाट. कलात अल-बहरैन २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत आलं. मनोरा आणि ही वाट २००८ साली त्यात जोडली गेली. म्हणजे वारशाचा एक तुकडा चक्क पाण्यात!

आणि इथेच माझी अडचण होते. बहरैनची बरीचशी नवी जमीन समुद्रात भराव घालून केलेली आहे. वाळू उपसायची, ओतायची, दाबायची, हे तंत्र मला कळतं आणि खरं सांगायचं तर आवडतंही. लहानशा बेटावर माणसं वाढली तर घरं बांधायची कुठे? पण बुडालेलं शहर निदान शाबूत राहतं, भरावाखाली गेलेलं पुन्हा कोण उकरणार? जमिनीवर तेच झालं. दिल्मुनकालीन थडग्यांच्या टेकड्या रस्ते आणि वसाहतींखाली हजारोंनी गेल्या. २०१९ मध्ये यादीत आल्या त्या ११,७७४.

परवा ओहोटीला किल्ल्यामागे गेलो होतो. पाणी लांबवर हटलेलं, पोरं चिखलात काहीतरी शोधत होती. मनोरा काही दिसला नाही. उजवीकडे क्षितिजावर क्रेन मात्र दिसल्या. मी सवयीने मोजल्या: चार.