टूरिंग बाइकचे मागचे शॉकअप बदलताय? आधी मोजपट्टी काढा

गेल्या पावसाळ्यात बाबांना डबलसीट घेऊन मी पिरंगुटहून माणगावला निघालो. गाडी इंटरसेप्टर ६५०, मागे दोन्ही बाजूंना बॅगा आणि बाबांच्या मांडीवर आईने ऐन वेळी दिलेली पिशवी. पौडपर्यंत ठीक चाललं होतं. मुळशी धरणाच्या बाजूने रस्ता खराब झाला आणि प्रत्येक मोठ्या खड्ड्यात मागून ‘ठक्’ असा आवाज यायला लागला. ताम्हिणीच्या अलीकडे चहाला थांबलो, तर बाबा कंबर धरून उतरले आणि म्हणाले, “तू हो पुढे. मी एसटीने येतो.”

ते खरंच एसटीने आले. मला जास्त भीती वाटली ती वेगळ्या गोष्टीची. ओल्या वळणांवर गाडीचं पुढचं चाक हलकं वाटत होतं. हँडल वळवलं की गाडी थोडी उशिरा ऐकायची. धुक्यात हेडलाइट रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडत होता आणि समोरचे ट्रकवाले मला अप्पर-डिपर मारत होते. या सगळ्याचं कारण एकच होतं: गाडीची मागची बाजू खाली बसली होती.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो. म्हणजे बग कुठे आहे हे न बघता पॅच मारायचा नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. तरी मी तेच केलं. एका दुकानातून ‘हेवी ड्यूटी’ म्हणून शॉकअपची जोडी आणून बसवली. आता ‘ठक्’ येईना, पण स्पीडब्रेकरवरून गेलं की मागची बाजू दोन-तीन वेळा उड्या मारायची. एकटा असताना तर मागचं चाक खडबडीत रस्त्यावर टेकायलाच तयार नव्हतं. पैसे गेले ते गेलेच.

शॉकअपमध्ये दोन वेगळी कामं एकत्र चालतात. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का साठवते. आतलं तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून जाताना ती ऊर्जा उष्णतेत घालवतं, त्याला डँपिंग म्हणतात. डँपिंग नसेल तर स्प्रिंग नुसती वरखाली होत राहील. माझ्या हेवी ड्यूटी जोडीत स्प्रिंग कडक होती, पण तिला परत उसळताना आवरणारं रिबाउंड डँपिंग जुन्या, मऊ स्प्रिंगला पुरेल एवढंच होतं. कडक स्प्रिंग जास्त जोरात उसळते, त्यामुळे तिला रिबाउंडही जास्त लागतं.

आता प्रीलोडबद्दल. शॉकअपच्या खालची ती पायऱ्यापायऱ्यांची रिंग पान्ह्याने फिरवली की ‘शॉकअप कडक झाला’ असं गॅरेजमध्ये सर्रास म्हणतात. स्प्रिंग कडक होत नाही. ती आधीच थोडी दाबलेली राहते, त्यामुळे गाडी वर उचलली जाते. स्प्रिंगचा कडकपणा, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला किती न्यूटन लागतात तो आकडा, तेवढाच राहतो. म्हणून प्रीलोड शेवटच्या पायरीवर नेऊनही गाडी बसत असेल, तर स्प्रिंगच बदलावी लागते.

हे ठरवायला लागते मोजपट्टी, चिकटपट्टीचा तुकडा आणि दोन मित्र. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत लोंबकळू द्या. चाकाच्या एक्सलच्या नटपासून सरळ वर, सीटखाली कुठेतरी चिकटपट्टी लावा आणि अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून काढा, हेल्मेट-बूट घालून नेहमीसारखे बसा. एका मित्राने पुढून धरायचं, दुसऱ्याने मागची बाजू दोनदा दाबून सोडायची आणि तेच अंतर पुन्हा मोजायचं. तीनदा मोजून सरासरी काढा, कारण आतल्या घर्षणामुळे आकडा दरवेळी थोडा हलतो. दोन अंतरांतल्या फरकाला सॅग म्हणतात. साधारण नियम असा, की सॅग चाकाच्या एकूण वरखाली प्रवासाच्या, म्हणजे ट्रॅव्हलच्या, पाव ते एक तृतीयांश असावा.

मूळ शॉकअप परत लावून मी मोजलं. कंपनीच्या आकड्यानुसार माझ्या गाडीचा मागचा ट्रॅव्हल ८८ मिमी. म्हणजे सॅग २२ ते २९ मिमी हवा. मी एकटा, वजन ६४ किलो: २६ मिमी. अगदी बरोबर! बाबा ७२ किलो आणि सामान १४ किलो धरून: ५२ मिमी. प्रीलोड शेवटच्या पायरीवर नेल्यावर ४४. गाडी जागेवर उभी असतानाच निम्मा ट्रॅव्हल संपलेला. खड्ड्यासाठी उरलेल्या ४४ मिमीत मुळशीचा रस्ता मावणार कसा?

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. ८६ किलो वाढवल्यावर मागची बाजू २६ मिमी खाली गेली. ८६ किलो म्हणजे सुमारे ८४० न्यूटन. २६ ने भागलं तर चाकापाशी मिळून साधारण ३२ न्यूटन प्रति मिमी. हा स्प्रिंगवर छापलेला आकडा नव्हे. शॉकअप तिरका असतो आणि स्विंगआर्मवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चिमट्यावर, एक्सलपासून थोडा पुढे बसतो, त्यामुळे दोन आकडे वेगळे येतात. पण ‘आत्ता आहे त्यापेक्षा किती टक्के कडक हवी’ हे ठरवायला तो पुरतो. मी २० टक्के ठरवलं. त्याहून जास्त घेतली असती तर एकटा असताना पुन्हा तीच उडवाउडवी. ऑफिसला तर मी वर्षभर एकटाच जातो.

दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच ब्रँडचा नाही. ‘माझं वजन एवढं, मागे बसणाऱ्याचं एवढं, सामान एवढं, तर स्प्रिंग किती न्यूटन प्रति मिमीची द्याल?’ असं विचारा. ‘एकच येते, सगळ्यांना बसते’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. यूट्यूबवर ज्याने तीच जोडी ‘मक्खन’ म्हटली, तो कदाचित ९० किलोचा असेल.

बाजारात थायलंडची वायएसएस, इंग्लंडची हेगॉन, स्वीडनची ओलिन्स अशी नावं दिसतील. आपल्याकडेही हा धंदा जुना आहे: गॅब्रिएलचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात चाकणला आहे, एंड्युरन्सचा छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला. महागड्या जोडीत तुम्ही पैसे देता ते मुख्यतः तीन गोष्टींचे: वजनाप्रमाणे निवडता येणारी स्प्रिंग, बाहेरून फिरवता येणारं रिबाउंड, आणि उघडून तेल-सील बदलता येणारी रचना. तिसरी गोष्ट लोक विसरतात. ताम्हिणीच्या पावसात आणि चिखलात सील खराब होणारच. दुरुस्त न होणारा शॉकअप गळायला लागला की भंगारात जातो. पुण्यात त्याचं सर्व्हिसिंग कोण करतं हे विकत घेण्याआधी विचारा.

बाजूला लटकणाऱ्या गॅसच्या डब्याचं आकर्षण मलाही होतं. सतत खड्ड्यांत चालून तेल तापतं, त्यात वायू मिसळला तर फेस होतो आणि डँपिंग ढिलं पडतं. डब्यात जास्तीच्या तेलाला आणि दाबाखालच्या वायूला जागा मिळते, म्हणून लांबच्या प्रवासात तो कामाचा. पण माझ्या मूळ शॉकअपलाही डबा होताच, आणि बाबा तरीही एसटीने गेले. शिवाय डबा सामानाच्या बॅगेच्या पट्टीला घासतो का, हे आधी बघून घ्या.

लांबी मात्र जशी होती तशीच ठेवा. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत मोजा. लांब शॉकअपने मागची बाजू उचलली जाते, हँडल चपळ होतं, आणि मेन स्टँडवर लावल्यावर मागचं चाक जमिनीला टेकू शकतं. आखूड घेतला तर वळणावर सायलेन्सर घासेल आणि टायर मडगार्डला लागू शकतो. बुशचा व्यासही जुळला पाहिजे, हातोडीने ‘बसवून’ घेऊ नका. बदलताना एका वेळी एकच बाजू काढा, नट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, नंतर चेनचा ढिलेपणा आणि हेडलाइटचा रोख पुन्हा तपासा. वॉरंटीचं काय होईल ते सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. हिमालयनसारख्या एकच मागचा शॉकअप असलेल्या गाड्यांनाही सॅगची पद्धत हीच, फक्त त्यांच्या स्प्रिंगचा आकडा दोन शॉकअपच्या गाडीशी ताडून पाहू नका.

रिबाउंड लावायला फोन कामाला येतो. फोन स्लो-मोशनवर ठेवून मागची बाजू जोरात दाबून सोडा. ती एकदा वर येऊन शांत बसली पाहिजे. वर जाऊन पुन्हा डोलली तर रिबाउंड एक-दोन क्लिक वाढवा, फारच सावकाश वर आली तर कमी करा. दोन्ही बाजूंना क्लिक सारखेच हवेत. हा अंदाज झाला. खरी परीक्षा ओळखीच्या खराब रस्त्यावर, सावकाश. (फोन हँडलला लावत असाल तर एक: जोरकस इंजिनाच्या मोटरसायकलींची थरथर आयफोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकते असं ॲपलने २०२१ मध्येच सांगितलंय. शॉकअप बदलून ती थरथर जात नाही.)

नव्या जोडीवर माझे आकडे: एकटा २३ मिमी, बाबा आणि सामानासकट, प्रीलोड वाढवून, ३५. नियमापेक्षा हे सहा मिमी जास्तच आहे. सामान १४ वरून ९ किलोवर आणलं तेव्हा ते ३४ झालं. दिवाळीत बाबा पिरंगुट ते माणगाव पूर्ण डबलसीट आले, चहाला मात्र तिथेच थांबायला लावलं. परत आल्यावर प्रीलोड खाली आणायला मी दोनदा विसरलो. आता दोन्ही सेटिंगच्या पायऱ्या फोनच्या नोट्समध्ये आहेत आणि सोमवारी सकाळी आठचा रिमाइंडर.