देवाचे चित्र आणि चिताऱ्याचे हात



जुन्या गोव्यात फिरताना वाटाड्या आपल्याला दोन प्रकारची नावे सांगतो. अमुक चर्च कोणत्या व्हाइसरॉयच्या अमदानीत उभे राहिले आणि तमुक वेदी कोणत्या आर्चबिशपने करविली. त्या वेदीवर सोन्याचा मुलामा कोणी चढविला, फळीवर संतांचे चेहरे कोणी रंगविले, हे मात्र तो सांगत नाही. ज्याची हयात कामगारांच्या चळवळीत गेली त्याला हाच प्रश्न आधी सुचतो. आजचे व्याख्यान त्या प्रश्नावर आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात चित्रकलेची एक नवी रीत सुरू झाली. तिला बरोक म्हणतात. जवसाच्या तेलात खललेले रंग, गडद अंधारात एका बाजूने शिरणारा उजेड, आणि बायबलातील प्रसंग आपल्यापासून हातभर अंतरावर घडत आहे असा भास, ही तिची लक्षणे. तिच्यामागे धर्मसत्तेचा हिशेब होता. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली ठरविले की, चित्रे ही लोकांना धर्म शिकविण्याचे साधन आहेत. ती असावीत, पण त्यांत गैर काही नसावे. निरक्षर माणसासाठी चित्र हेच पुस्तक होते. चारच वर्षांनी, १५६७ साली, गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली आणि ट्रेंटचे ठराव तिने येथे लागू करावयास घेतले.

आता गोव्याची स्थिती पाहा. पोर्तुगीजांनी १५१० साली शहर घेतले आणि चर्चमागून चर्च बांधावयास काढले. मूर्ती हव्या, चित्रे हवी, चांदीचे क्रूस हवे. लिस्बनहून येणारे जहाज सहा-सहा महिने घेई, आणि त्यातून येणारे कारागीर थोडे. येथे मात्र पिढीजात चितारी, सोनार, सुतार आणि हस्तिदंत कोरणारे होते. काम साहजिकच त्यांच्याकडे गेले. १५४५ साली मिगेल व्हाझ या धर्माधिकाऱ्याने पोर्तुगालच्या राजाकडे तक्रार केली की, हिंदू चितारी येशूची आणि मेरीची चित्रे काढतात आणि ती दारोदार विकतात! तक्रारीवरूनच कळते की, चित्रांना गिऱ्हाईक होते.

१५६७ च्या परिषदेने यावर बंदी घातली. ख्रिस्ती माणसाने पूजेच्या प्रतिमा आणि वस्तू बिगर-ख्रिस्ती कारागिराकडून करवून घेऊ नयेत, असा तिचा ठराव होता. त्याचा रोख ध्यानात घ्या. कारागिराच्या कसबात खोट काढलेली नव्हती. काम देणाऱ्यालाच काम देण्यास मनाई केलेली होती. आमच्या भाषेत याला टाळेबंदी म्हणतात.

आणि ही टाळेबंदी दुहेरी होती. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली होती, पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत साष्टी आणि बारदेशचीही तीच गत झाली. आपण ज्यांच्या दर्शनाला जातो ते मंगेश आणि शांतादुर्गा हे देव त्याच धामधुमीत नदीपलीकडे अंत्रुज महालात नेले गेले. ज्या सुताराचे आणि चिताऱ्याचे पोट देवळाच्या कामावर चाले त्याचे देऊळ गेले, आणि समोर उभ्या राहणाऱ्या चर्चचे कामही त्याला बंद झाले. काहींनी धर्म बदलून हत्यार हाती ठेवले असेल, काही देवांमागोमाग गाव सोडून गेले असतील. पोट पाठीशी लागलेल्या माणसापुढे तिसरी वाट कोणती?

पण बंदी पुरती टिकली नाही. तसलेच हुकूम पुढेही निघत राहिले, आणि जो हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागतो तो पाळला जात नसतो, हे गिरणीच्या दारातला कोणीही सांगेल. शिवाय कामेच साक्ष देतात. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंताच्या अनेक लहान मूर्ती घडल्या. विषय बायबलातला ‘उत्तम मेंढपाळ’. बाळ येशू डोंगराच्या उतरंडीवर पाय दुमडून बसला आहे, गालाला हात आणि डोळे मिटलेले. विषय योहानाच्या शुभवर्तमानातला, पण बैठक ध्यानस्थ बुद्धाची. संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी १६३६-३७ साली घडली, तीही गोव्याच्याच कारागिरांनी घडविली. हुकूम कागदावर राहिला, हात कामावर राहिले.

ही गोष्ट एकट्या गोव्याची नाही. खुद्द रोममध्ये १६०२ साली काराव्हाज्जो या चित्रकाराने शुभवर्तमान लिहिणाऱ्या संत मॅथ्यूचे तैलचित्र काढले. त्यातला मॅथ्यू टकल्या, दणकट, उघड्या पायांचा मजूर वाटतो. लेखणीची सवय नसलेला त्याचा हात देवदूताने धरून अक्षरावर नेला आहे. संताला ही बैठक आणि हे उघडे पाय शोभत नाहीत म्हणून चित्र नापसंत झाले, असे त्याच्या जुन्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. त्याने दुसरे चित्र काढून दिले. ते आजही त्या चर्चमध्ये आहे. पहिले चित्र पुढे बर्लिनला गेले आणि १९४५ साली युद्धात नष्ट झाले. रोममध्ये मजुराचा पाय चित्रात चालत नव्हता, गोव्यात मजुराचा हात चित्रावर चालत नव्हता. ज्याने प्रौढपणी अक्षरे गिरविली त्याला ते जळालेले चित्र दुसऱ्यापेक्षा जवळचे वाटते, एवढेच मी म्हणेन.

हे सारे पंचवटीत का सांगायचे? येथून हाकेच्या अंतरावर काळाराम मंदिर आहे. सरदार रंगराव ओढेकरांनी ते अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविले. दोन हजार माणसे बारा वर्षे खपत होती, असे सांगतात. ओढेकरांचे नाव आपल्याला पाठ आहे. त्या दोन हजारांतले एकही नाही. आणि याच दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुषांना सत्याग्रह करावा लागला. गोव्यात प्रश्न होता, देवाची प्रतिमा कोणाच्या हातून घडावी. येथे प्रश्न होता, ती प्रतिमा कोणी पाहावी. धर्म वेगळे, शतके वेगळी. पण दोन्हीकडे माणसाच्या जन्मावरून त्याचा देवाशी संबंध कोणीतरी वरून ठरवीत होते. श्रम घेताना लागणारा माणूस मान देताना नकोसा होतो, तेव्हा अन्याय होतो. त्याला देवाचे नाव दिले तरी तो अन्यायच.

म्हणून माझी एक विनंती आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आपण गोव्याला जाल, चर्चमधली ती चित्रे आणि वेदी पाहाल, आणि आपले मंदिर तर रोज पाहता. व्हाइसरॉयचे आणि सरदाराचे नाव वाचून झाल्यावर पुढे सरकू नका. दगडावरची छिन्नीची रेघ पाहा, रंगाचा हात पाहा, आणि हे कोणी केले म्हणून बरोबरच्या मुलांना विचारा. उत्तर मिळणार नाही. पण विचारायची सवय लागली तर उद्या उभ्या राहणाऱ्या इमारतीवर गवंड्याचे नावही लागेल.